आर्मी एव्हिएशनमधून निवृत्त होणाऱ्या लेफ्टनंट कर्नलला नागपुरात राहून पुढे काय करता येईल? एअर फोर्सच्या पायलटसारखी एअरलाइनमध्ये लगेच नोकरी मिळते का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की मामा पुढच्या वर्षी ५४ पूर्ण करून निवृत्त होताहेत, बहुतेक उड्डाण चीता हेलिकॉप्टरवर झालंय, मधे थोडं ध्रुव, आणि मनीषनगरला फ्लॅट घेऊन ठेवलाय. घरचे म्हणतात, पेन्शन आहे ना, मग आता काहून उडायचं? शेवटी तुमचं स्वतःचं एक वाक्य आहे: "चीतासारख्या जुन्या, छोट्या हेलिकॉप्टरचा अनुभव बाहेर कोण विचारतो?" खरं सांगायचं तर उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

आधी ते "एअर फोर्सच्या पायलटसारखी" खोडून टाका. नागपूरकरांची ही जुनी सवय आहे. वायुसेनानगर आपल्याकडे, मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याकडे, त्यामुळे डोक्यावरून काहीही घरघरत गेलं की ते एअर फोर्सचं. आर्मी एव्हिएशन ही सैन्याची स्वतःची कोअर आहे, १ नोव्हेंबर १९८६ पासून. त्याआधी एअर ओपी होतं. तोफखान्याचे अधिकारी लहानशा विमानातून गोळे कुठे पडताहेत ते बघायचे आणि तोफांना दुरुस्ती सांगायचे. हा इतिहास इथे उगाच नाही काढला. मामांच्या पिढीचा आर्मी वैमानिक आधी पायदळात, तोफखान्यात किंवा आणखी कुठल्या आर्ममध्ये काही वर्षं काढून मग एव्हिएशनला आलेला असतो, आणि आल्यावरही मधे स्टाफची पोस्टिंग, कोर्सेस, मुख्यालयातलं टेबल हे चालूच राहतं. हुद्दा वाढत जातो तसे उड्डाणाचे तास आटत जातात. बाहेरच्या जगात हुद्दा कोणी मोजत नाही. मोजतात ते तास, त्यातले कॅप्टन म्हणून किती, आणि शेवटचं उड्डाण कधी केलं ते. शेवटची तीन वर्षं दिल्लीत फायली चाळलेल्या कर्नलपेक्षा कालपर्यंत कॉकपिटमध्ये बसणारा मेजर जास्त किमतीचा. वाईट वाटतं, पण तसंच आहे.

एअरलाइनचं उत्तर एका ओळीचं: लगेच नाही. विमानाचं लायसन्स वेगळं, हेलिकॉप्टरचं वेगळं. हेलिकॉप्टरच्या तासांची थोडी सूट मिळते, पण विमानावर पुन्हा शिकावं लागतं, वर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग (त्या जातीचं विमान उडवायचा परवाना), बहुधा पदरच्या पैशानं. व्यावसायिक वैमानिकाला वयाची मर्यादा ६५. चोपन्नाव्या वर्षी हा खटाटोप करून को-पायलट म्हणून बसायचं, तर हिशोब जमत नाही. आणि एअर फोर्समध्ये मी-१७ चालवलेला माणूसही याच रांगेत उभा असतो, हे त्या वायुसेनानगरवाल्यांनाही सांगा.

आता चीता. हे हेलिकॉप्टर म्हणजे फ्रेंच लामा, आपल्याकडे एचएएलनं बनवलेलं. एकच इंजिन, आर्टूस्ट. इंजिनाची मूळ ताकद ८७० अश्वशक्तीच्या घरात, पण ती ५५० ला बांधून ठेवलेली आहे. खालच्या हवेत हा साठा नुसता पडून राहतो. वर हवा विरळ झाली, इंजिनाला दम लागायला लागला, की तोच साठा कामी येतो. २१ जून १९७२ ला याच लामानं १२,४४२ मीटरचा विक्रम केला. वर पोचल्यावर इंजिन विझलं आणि वैमानिकानं ते ऑटोरोटेशननं, म्हणजे नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांवर, खाली उतरवलं. "जुनं, छोटं" म्हणताना एवढं लक्षात असू द्या.

उंचीवरचं उड्डाण म्हणजे काय, ते नागपूरवरूनच सांगतो. सोनेगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,००० फुटांवर. प्रमाण हवामान धरलं तर तिथे १३ अंश सेल्सिअस असायला हवं. मे महिन्यात दुपारी असतं ४५. जादा झाले ३२ अंश. प्रत्येक जादा अंशाला साधारण १२० फूट धरायचे, म्हणजे ३,८४० फूट. ते मूळ उंचीत मिळवा: सोनेगावच्या डांबरावर उभं असलेलं हेलिकॉप्टर ४,८०० फुटांवर असल्यासारखं वागतं. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. हाच हिशोब सियाचीनला लावा. २०,००० फुटांवर प्रमाण तापमान उणे २५. ऊन चढून ते उणे १० झालं की १५ अंश जादा, म्हणजे आणखी १,८०० फूट. हेलिपॅड तेच, हेलिकॉप्टर तेच, वैमानिक तोच, पण सकाळी सहाला जो माल वर गेला तो अकराला जाणार नाही. म्हणून तिथली सगळी धावपळ पहाटेची.

सगळ्यात वरच्या चौक्यांवर, सोनमसारख्या, चीता एका चकरेत जेमतेम वीसेक किलो नेतं. वीस लिटर केरोसीनचं वजन १६ किलो, जेरीकॅन धरून वीस. म्हणजे एक चक्कर, एक जेरीकॅन. इंधनही तसंच सोनाराच्या काट्यावर तोलून भरायचं. दहा मिनिटांचं जादा इंधन म्हणजे वीस-पंचवीस किलो, म्हणजे ते जेरीकॅन खालीच राहिलं. कमी भरलं आणि वर ढग आला, तर परत फिरायला इंधन नाही. या दोन्हींच्या मधली जागा रोज, दर चकरेला, वारा आणि तापमान बघून नव्यानं काढावी लागते.

उतरतानाचं काम बारकाईचं. आधी हेलिपॅडच्या बाजूनं एक फेरी, वारा कुठून आहे ते झेंडीवरून आणि भुरभुरणाऱ्या बर्फावरून. त्या उंचीला आणि तापमानाला कलेक्टिव्ह पिच (पात्यांचा कोन, ज्यानं उचल वाढते) किती घेता येईल हे तक्त्यावरून आधीच काढलेलं असतं. वेग कमी करत येताना पिचचा काटा त्या आकड्याकडे सरकू लागतो. हेलिपॅड अजून लांब असतानाच काटा हद्दीजवळ गेला, तर तिथूनच वळायचं, कारण वेग गेल्यावर आणि दरी मागे पडल्यावर वळायला ताकद उरत नाही. शेवटच्या काही फुटांत पात्यांच्या वाऱ्यानं सैल बर्फ उडतं आणि समोर सगळं पांढरं होतं. तेव्हा डोळा टिकवायला काहीतरी गडद हवं, म्हणून हेलिपॅडच्या कडेला रंगवलेले डबे मांडलेले असतात. पायाखालच्या पेडलचाही प्रश्न असतोच. विरळ हवेत पेडलनं चालणाऱ्या टेल रोटरची, म्हणजे शेपटीच्या पंख्याची, ताकदही घटते, त्यामुळे ऐन वेळी उजवं पेडल शेवटाला टेकतं आणि नाक डावीकडे सरकू लागतं. तसं झालं की एकच उपाय: पिच थोडी कमी करा आणि निघा. खाली टेकल्यावर इंजिन बंद करत नाहीत, पाती फिरत असतानाच जवान वाकून येतात, डबा काढतात, कधी जखमी किंवा आजारी माणूस आत ढकलतात, की लगेच निघायचं. नोव्हेंबर २००३ ची शस्त्रसंधी होईपर्यंत त्यात समोरून येणारे गोळेही होते. आणि नेहमी दोन हेलिकॉप्टरं सोबत, एक बंद पडून बसलं तर दुसऱ्यानं बघायला.

हे सगळं कोण विचारतो? डोंगरातले ऑपरेटर विचारतात. केदारनाथ, वैष्णोदेवी, अरुणाचल. तिथे बहुतेक उडतात एच१२५ आणि बेल ४०७, दोन्ही एका इंजिनाची. त्यातलं एच१२५ फ्रेंच, त्याची पाती चीतासारखीच वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात. ताकद वाढवली की उजवा पाय. बेल ४०७ अमेरिकन, पाती उलटी, ताकद वाढवली की डावा पाय. वीस वर्षं उजव्या पायाची सवय लागलेल्या माणसाला शांतपणे उडताना हे जमतं, घाईत चुकीचा पाय पुढे जातो. म्हणून मामांनी टाइप निवडायला मिळाला तर आधी एच१२५ घ्यावं. बेलवर गेलेच तर प्रशिक्षकाबरोबर हॉवरमधली (हवेत एका जागी थांबून घ्यायची) वळणं कंटाळा येईपर्यंत करावीत.

जुहूचं ऑफशोअर काम, म्हणजे बॉम्बे हायच्या तेलविहिरींवर माणसं नेणं, हे वेगळं प्रकरण. तिथे दोन इंजिनं, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायचा परवाना), समुद्रावरचं उड्डाण आणि पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण लागतं. चीताचे हजारो तास तिथे फारसे चालत नाहीत. ध्रुवचे चालतात, कारण ते दोन इंजिनांचं आहे. मामांकडे ध्रुवचे किती आहेत हे तुम्ही लिहिलं नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. ते तास बरे असतील तर बंगळुरूच्या हॅट्सऑफ या प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटरवर बेल ४१२ किंवा डॉफिन या दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरांची तयारी होते.

आता एका कोर्समेटशी चाललेला वाद इथेच निकाली काढतो. तो म्हणतो, "सियाचीन उडवलेल्याला केदारनाथ म्हणजे पोरखेळ." त्याच्या डोक्यात फक्त उंची आहे. केदारनाथ साडेअकरा हजार फुटांच्या आसपास, सियाचीनच्या वरच्या चौकीच्या निम्म्याहून थोडं जास्त, हे खरं. पण तिथे सोबत दुसरं हेलिकॉप्टर नाही. शेजारी दुसरा वैमानिक नाही. अरुंद दरीत समोरून दुसऱ्या कंपन्यांची हेलिकॉप्टरं येताहेत. खाली तिकीट काढलेली रांग उभी आहे आणि मिनिटामिनिटाचा हिशोब आहे. उड्डाण सगळं डोळ्यांनी, आणि ढग दरीत वरून येत नाही, खालून चढतो. १५ जून २०२५ ला सकाळी साडेपाचच्या सुमारास गौरीकुंडजवळ बेल ४०७ पडलं, सातही जण गेले. चालवणारा सैन्यातून निवृत्त झालेला अनुभवी अधिकारी होता. अनुभव कमी पडला असं कोणी म्हणू नये. सैन्यात हवामान बिघडलं तर "आज नाही" म्हणायला वर कमांडिंग ऑफिसर असतो आणि तो शब्द मान्य होतो. इथे तो शब्द वैमानिकानं एकट्यानं, पगार देणाऱ्याच्या तोंडावर म्हणायचा असतो.

म्हणूनच घरच्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर उलट आहे. पेन्शन आहे म्हणूनच उडावं. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, ईसीएचएसमध्ये (माजी सैनिकांची आरोग्य योजना) औषधपाणी, कम्युट केलेला, म्हणजे आधीच एकरकमी उचललेला, भाग १५ वर्षांनी पूर्ववत. एवढं पाठीशी असलेला माणूस ढग बघून चावी परत देऊ शकतो. गृहकर्ज डोक्यावर असलेल्या तिशीतल्या पोराला ते जड जातं. मात्र पेन्शनची अर्धी रक्कम कम्युट करून मनीषनगरच्या फ्लॅटमागोमाग दुसऱ्या फ्लॅटचा हप्ता बांधून घेतला असेल, तर मामाही त्याच पोराच्या जागी आले. तेव्हा मग डोंगरात जाऊ नये.

कागदांचं काम निवृत्तीच्या आधी सुरू करायचं, खरं तर दोन वर्षं आधी. तुम्हाला एक वर्ष उरलंय, म्हणजे आजपासून. पहिली गोष्ट लॉगबुक. सैन्याच्या लॉगबुकातले रकाने आणि डीजीसीएला (लायसन्स देणारं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) हवे असलेले रकाने जुळत नाहीत. कॅप्टन, को-पायलट, दिवस, रात्र, इन्स्ट्रुमेंट प्रत्यक्ष आणि हुडखाली (सरावासाठी बाहेरचं दिसणं झाकून), एक इंजिन, दोन इंजिनं, हे सगळं वेगळं काढावं लागतं. हमखास चुकतं ते असं: कुठे १.३० लिहिलंय, ते दीड तास की दशांशात एक तास अठरा मिनिटं, यावर बेरीज अडते. खाडाखोड असेल तिथे सही हवी. पानांची बेरीज आणि शेवटचा एकूण आकडा जुळला पाहिजे. युनिटमध्ये असताना सीओची सही संध्याकाळपर्यंत मिळते, निवृत्तीनंतर त्याच सहीसाठी नाशिक नाहीतर दिल्लीला पत्रं लिहीत बसावं लागतं.

दुसरं, बारावीची मार्कशीट. भौतिकशास्त्र आणि गणित आहे का बघा. एनडीएच्या आर्मी विंगला कुठल्याही शाखेतून जाता येतं, त्यामुळे कला शाखेचे अधिकारी इथे अडकण्याची शक्यता असते. नसतील तर एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) तेवढे विषय देता येतात. तिसरं, परीक्षा. सैन्यातल्या वैमानिकांना काही विषयांत सवलत मिळते, पण एअर रेग्युलेशन्स द्यावीच लागते, आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के. रेडिओचा परवाना, आरटीआर, हा पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता, नव्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर डीजीसीएकडे आला. वीस वर्षं रेडिओवर बोललेले लोक यात नापास होतात. कारण साधं आहे: सैन्यातली तुटक बोली तिथे चालत नाही, नागरी वाक्यं शब्दाला शब्द यावी लागतात. रोज अर्धा तास मोठ्यानं सराव, त्याला पर्याय नाही.

चौथं, क्लास वन मेडिकल. आर्टूस्टच्या शिट्टीनं कान जातात आणि सीटनं पाठ जाते, हे चीतावाल्यांना वेगळं सांगायला नको. ऑडिओग्राम आणि साखर आत्ताच खाजगीत तपासून घ्या, म्हणजे ऐन वेळी "तात्पुरते अपात्र" असा शेरा बसणार नाही. आणि डीजीआरचा (सैनिकांच्या पुनर्वसन महासंचालनालयाचा) सहा महिन्यांचा मॅनेजमेंट कोर्स? सगळे करतात म्हणून करू नये. उडायचं ठरलं असेल तर ते सहा महिने परीक्षांना द्या. उडायचं नसेल तर जरूर करा.

नागपुरात राहून, हे तुमच्या प्रश्नातलं अवघड कलम. इथे हेलिकॉप्टर वैमानिकाला रोज सकाळी डबा घेऊन जाता येईल असं ठिकाण जवळपास नाही. फ्लाइंग क्लब आहे, पण तो विमानांचा. मिहानमधले एमआरओ (विमानं दुरुस्त करणारे कारखाने) आहेत, पण तिथे मेंटेनन्स इंजिनिअरचं लायसन्स लागतं, वैमानिकाला पाना धरू देणार नाहीत. वैमानिकानं नागपुरात घर ठेवावं आणि पाळीवर काम करावं: काही आठवडे फाट्याला (केदारनाथच्या वाटेवरचं हेलिपॅडचं गाव) किंवा जुहूला, काही आठवडे घरी. निवडणुकीच्या हंगामात विदर्भात भाड्याची हेलिकॉप्टरं फिरतात, पण ते काम मला स्वतःला पसंत नाही. एप्रिल-मेची दुपार, शेतात रात्रीतून केलेलं हेलिपॅड, टँकरनं पाणी न मारलेला मुरूम, कडेला विजेच्या तारा, आणि नेत्याबरोबर दोन माणसं जास्त. वरचा सोनेगावचा हिशोब इथे पुन्हा लावून बघा. २५ मे २०१७ ला निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडताच तारांत अडकून खाली आलं, सगळे वाचले. सुदैव.

जमिनीवरचं काम हवं असेल तर ड्रोन हे क्षेत्र नागपुरात खरंच आहे. २०२१ मध्ये सैन्याची मानवरहित विमानं तोफखान्याकडून एव्हिएशनकडे आली, त्यामुळे मामांच्या ओळखीपाळखीत ते काम केलेले अधिकारी असतीलच. अमरावती रोडला बाजारगावचा कारखाना नागास्त्र, म्हणजे लक्ष्यावर आदळून फुटणारं ड्रोन, बनवतो. अशा ठिकाणी चाचण्यांच्या वेळी वापरणाऱ्याच्या नजरेनं बघणारा माणूस लागतो: थंडीत बॅटरी किती टिकते, हातमोजे घालून बटण दाबता येतं का, वाऱ्यात कुठून सोडायचं. हे ब्रोशरमध्ये नसतं. डीजीसीएमान्य ड्रोन प्रशिक्षण संस्थेत शिकवणं हाही एक रस्ता आहे, पगार मात्र उड्डाणापेक्षा कमी.

हे सगळं पेन्शन मिळणाऱ्या अधिकाऱ्यासाठी लिहिलंय. कोणी शॉर्ट सर्व्हिसवरून बाहेर पडत असेल तर पेन्शन नाही, फक्त ग्रॅच्युइटी, आणि मग वरचा "पेन्शन आहे म्हणूनच उडावं" हा मुद्दा त्याला लागू नाही. परीक्षांच्या सवलती आणि मेडिकलच्या मुदतींबाबत डीजीसीएचे नियम बदलत असतात, अर्ज भरण्याआधी ईजीसीए पोर्टलवर ताजं परिपत्रक वाचा, माझ्या शब्दावर फॉर्म भरू नका. आणि मामांचे ध्रुवचे तास किती, शेवटचं उड्डाण कधी, हे कमेंटमध्ये टाका. जुहू की फाटा, ते त्याशिवाय सांगता येणार नाही.